तिसरं शहाळं

पोलीस खात्यातून निवृत्त झालो तेव्हा बरीचशी प्रकरणं ठाण्याच्या मालखान्यातच ठेवून आलो. चोऱ्या, हाणामाऱ्या, बनावट बियाण्यांची पाकिटं, पळून गेलेली जोडपी, सगळं तिथेच राहिलं. एक प्रकरण मात्र माझ्यामागे घरापर्यंत आलं आणि अजून गेलेलं नाही. ते माझ्या हद्दीत घडलं नव्हतं, जिल्ह्यात नव्हतं, देशातही नव्हतं.

गेल्या महिन्यात ते पुन्हा वर आलं ते पुतणीमुळे. तिचं लग्न झालं आणि दोघं फिरायला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर निघाली. आमच्या पिढीला तो भाग क्रिकेटमुळे तेवढा माहीत. तिने फोन करून विचारलं, "काका, तिथं म्हणे रात्री समुद्रकाठी नाचगाणी असतात. जावं की नाही? तुम्ही पोलीसवाले, काय काळजी घ्यायची ते सांगा." मी म्हणालो, जा, जरूर जा. मग अर्धा तास बोलत राहिलो. पोरगी कंटाळली असणार. तिला जे सांगितलं नाही, ते इथे लिहितो. नाव कोणाचंच घेणार नाही, कारण माणसं हयात आहेत आणि त्यांना लेकरंबाळं आहेत.

माझ्या निवृत्तीला तेव्हा दोनेक वर्षं उरली होती. अमरावती–नागपूर रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी ठाण्यात पाकीटमारीच्या तक्रारी जास्त, त्यामुळे सकाळची हजेरी उरकून बंदोबस्ताला माणसं पाठवली आणि मी टेबलावरचे अर्ज चाळत बसलो. तेवढ्यात एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या आसपास, साधं पातळ, हातात स्टीलचा छोटा डबा. पोळीचा डबा असावा असं वाटलं. त्यांनी तो टेबलावर ठेवून उघडला. आत रुमालात बांधलेली तुळशीची माळ होती.

त्यांचे यजमान तिवश्याकडचे, बियाणं-खतांचे दुकानदार. अशा दुकानदारांनी विक्रीचं उद्दिष्ट पुरं केलं की कंपन्या त्यांना परदेशी सहलीला नेतात. आमच्याकडचे कितीतरी कृषी केंद्रवाले असेच पहिल्यांदा विमानात बसले. हेही गेले होते, ओळखीच्या तिघांबरोबर, त्या कॅरिबियन बेटावर. चौथ्या रात्री समुद्रात बुडाले. पेटी घरी आली, सोबत कागद आले. त्यांत लिहिलं होतं की मृताच्या रक्तात दारूचं प्रमाण मोठं होतं, मृत्यू अपघाती, प्रकरण बंद.

अडचण अशी की हे गृहस्थ माळकरी होते. लग्नाच्या आधीपासून गळ्यात माळ, गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवणारे. दारू सोडाच, कांदा-लसूणही खात नसत. आणि माळ तर मित्रांनी आणून दिली ती रुमालात बांधलेली. मित्रांचं म्हणणं होतं की ती हॉटेलच्या खोलीत उशीजवळ सापडली. ज्याला माळकऱ्यांची रीत ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. माळ गळ्यात असताना दारूला शिवत नाहीत. शिवायचंच असलं तर आधी ती काढून खुंटीला लावणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. म्हणजे हा माणूस ठरवून, माळ काढून, प्यायला गेला होता. भजनी मंडळ तेराव्याला आलं, पण मंडळाच्या बुवांनी ती माळ फोटोला घालू दिली नाही.

बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी त्याच्या आंघोळीचं पाणी पहाटे तापवलं साहेब. थंड पाणी त्याले सोसत नसे. मले दुसरं काई नको. त्यानं मले सव्वीस वर्षं फसवलं का, एवढं मले सांगा."

खरं सांगतो, मी त्यांना वाटेला लावलं. परदेशातलं प्रकरण आहे, तिथल्या पोलिसांनी बंद केलंय, आमचे हात तिथवर पोचत नाहीत, वगैरे जे सांगतात ते सांगितलं. अर्ज घेतला, आवक नोंदवहीत नोंदवला, पोच दिली. मनात मीही बुवांच्याच बाजूचा होतो. घरी देवमाणूस आणि बाहेर भलताच, असे नवरे पोलिसाने ढिगाने पाहिलेले असतात. माळ काढून ठेवली होती ना, मग संपलं, असंच मला वाटलं.

आठवडाभराने अकोल्याचे एक व्यापारी ठाण्यात आले. ठिबक सिंचनाचं दुकान, मुसलमान गृहस्थ, दाढी पांढरी होत आलेली, बोलणं अदबीचं. नागपूरला जाता जाता सहज डोकावलो म्हणाले. पोलीस ठाण्यात कोणी सहज डोकावत नाही. मी चहा मागवला आणि गप्प राहिलो. गप्प राहणं ही चौकशीतली सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. चहा अर्धा झाल्यावर ते बोलू लागले. सहलीतल्या चौघांपैकी ते एक होते आणि मृताच्या खोलीत तेच राहत होते.

तिथल्या रात्री कशा असतात ते मला त्यांच्याकडून कळलं. हॉटेल समुद्राला लागून. खाणं-पिणं सगळं आधीच भरलेल्या पैशांत, त्यामुळे कितीही मागा. संध्याकाळ झाली की वाळूवर दिवे, वाजंत्री, गाणी, साठीच्या बायकाही नवऱ्याचा हात धरून नाचताहेत. चांगलं असतं सगळं, ते म्हणाले, त्यांना स्वतःला ते ढोल फार आवडले होते. प्रत्येक पाहुण्याच्या मनगटात कागदी पट्टा बांधतात. पिणाऱ्याला निळा, न पिणाऱ्याला हिरवा. हिरवा पट्टा दिसला की काउंटरवाला फक्त सरबत आणि नारळपाणी देतो. चौघांत हिरवे दोघंच, हे आणि ते गेलेले गृहस्थ. रोज संध्याकाळी दोघं एका टेबलावर बसून नाच बघत.

"तो मले म्हणे, भाई, आपला हिरवा पक्ष लहान हाय, पण पक्का हाय," अकोल्याचे गृहस्थ म्हणाले. "त्या रात्री माझं पोट बिघडलं. मी खोलीत झोपून राहिलो. सकाळी उठून पाहतो तं त्याचा पलंग तसाच. साहेब, हिरव्या पट्ट्यावर त्याले दारू देली कोणं?"

आणि माळ? ते म्हणाले, विमानतळावर तपासणीत माळ काढा म्हणाले तर यांनी हात जोडले, पण काढली नाही. मागची रांग खोळंबली. शेवटी तिथली बाई हसली आणि जा म्हणाली. असा माणूस खोलीत माळ काढून ठेवेल, हे त्यांना पटत नव्हतं. आणि उशीजवळ ती पडलेली त्यांनी तरी पाहिली नव्हती, खोली त्यांचीही असून. मग इतके दिवस गप्प का राहिलात, असं विचारलं. ते खाली बघत म्हणाले की बाकी दोघांनी विषय वाढवू नको म्हणून गळ घातली होती. धंद्यातले जुने संबंध. शिवाय आपण वेगळ्या धर्माचे, माळेबद्दल आपण काय बोलावं, असंही त्यांना वाटत राहिलं.

मी अर्ज पुन्हा बाहेर काढला. अधीक्षक साहेबांशी बोललो. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा तपास आपल्याला करता येतो, पण पुढे खटला चालवायला केंद्राची मंजुरी लागते. साहेब म्हणाले, मंजुरीचं नंतर पाहू, आधी काय झालं ते तर काढा.

बाकीचे दोघं म्हणजे अमरावतीचा एक बडा दुकानदार आणि शेंदूरजनाघाटचा एक. अमरावतीचा मोठ्या आवाजाचा, लग्नात सगळ्यांना आग्रह करकरून वाढणारे असतात तसा. त्याच्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठत नसे, अशी त्याची ख्याती. शेंदूरजनाघाटचा वयाने लहान, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातला, मोठ्याच्या मागेमागे राहणारा. दोघांचे जबाब वेगवेगळ्या दिवशी घेतले. माझे रायटर हवालदार जबाब लिहीत. अक्षर मोत्यासारखं, माणूस त्याहून सरळ. दुसरा जबाब संपल्यावर त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत तीच वाक्यं त्याच क्रमाने होती: मृत हा स्वतःच्या मर्जीने माळ खोलीत ठेवून आला, आमच्या नकळत त्याने मद्यप्राशन केले, आम्ही झोपायला गेलो तेव्हा तो खोलीत गेला असावा असे आम्हाला वाटले.

खरं सांगणारी दोन माणसं एकसारखं कधी सांगत नाहीत. एकाला शर्टाचा रंग आठवतो, दुसऱ्याला गाणं. एकजण म्हणतो दहा वाजले होते, दुसरा म्हणतो जेवणं व्हायची होती. इथे दोघांनी पाठांतर केलं होतं, आणि बोलताना मद्यप्राशन म्हणणारा माणूस मला वऱ्हाडात तरी भेटलेला नाही. पण पाठांतर केलं म्हणून कोणाला अटक करता येत नाही.

धागा सापडला तो तपासात नव्हे, चौकात. गेलेल्या गृहस्थांच्या गावच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. आमच्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो आणि वाऱ्याने फाटेपर्यंत राहतो. मी त्या रस्त्याने रोज जीपने जात होतो आणि रोज त्या फ्लेक्सकडे न पाहता पाहत होतो. एका दुपारी चौकाजवळच्या रेल्वे फाटकापाशी वाहनं अडली आणि जीप नेमकी त्याच्यासमोर थांबली. फोटोतला माणूस तोंडभर हसत होता. अंगात मोठमोठ्या पिवळ्या फुलांचा शर्ट. आणि त्या फुलांवर, बटणापाशी, तुळशीची माळ.

असा शर्ट आमच्याकडचा दुकानदार घरी घालत नाही. जीपमधूनच बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हा शर्ट त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, पेटीबरोबर आलेल्या कपड्यांत तेवढा एकच ओळखीचा नव्हता. फोटो अकोल्याच्या भाईंनी दिला, हसरा आहे म्हणून. भाईंना विचारलं तर ते म्हणाले, मी आजारी म्हणून खोलीत पडलो होतो ना, तेव्हा या लोकांनी मला गंमत म्हणून तिथून फोटो पाठवला. मी त्यातलं त्याचं हसू तेवढं पाहिलं. शर्ट त्याच संध्याकाळी, भाईंचं पोट बिघडण्याआधी, चौघांनी वाळूवरच्या दुकानातून घेतला होता.

म्हणजे त्या रात्री, नाचाच्या ठिकाणी, माळ गळ्यात होती. खोलीत उशीजवळ नव्हती.

भाईंच्या फोनमधला मूळ फोटो मागवला. फ्लेक्सवाल्याने कडेचं सगळं कापून टाकलं होतं. मूळ फोटोत गृहस्थांच्या हातात मोठं शहाळं होतं, वर रंगीत कागदी छत्री, दोन नळ्या. मनगटात हिरवा पट्टा. पुढच्या टेबलावर आधीची दोन रिकामी शहाळी. फोटोच्या कोपऱ्यात एक हात तेच तिसरं शहाळं त्यांच्या तोंडाशी धरत होता. त्या हातात निळा पट्टा होता.

शेंदूरजनाघाटच्या दुकानदाराला पुन्हा बोलावलं. ओरडलो नाही, दमही दिला नाही. भिणारा माणूस ओरडल्यावर आणखी पाठ केलेलं बोलतो. त्याला समोर बसवलं, पाणी दिलं, फोटो ठेवला आणि एकच विचारलं की हा हात कोणाचा. त्याने फोटो जवळ ओढून पाहिला. मग म्हणाला, "माझा नाई साहेब, भाऊचा हाय. पण पह्यलं शहाळं म्याच नेऊन देलं."

मग सगळं बाहेर आलं. सलग नाही, तुकड्या तुकड्यांनी, आणि ते तसंच येतं तेव्हा ते खरं असतं. अमरावतीच्या भाऊंच्या मनात पहिल्या रात्रीपासून ते होतं, इतक्या दूर आलो आणि हा माणूस सुकाच बसलाय. काउंटरवर त्यांनी स्वतःच्या निळ्या पट्ट्यावर शहाळं घेतलं, आत पांढरी रम आणि अननसाचा रस. तिथे असं पेय मिळतं, गोड, नारळाची चव, दारूचा वास लपलेला. जो कधी प्यालेलाच नाही, त्याला ते कळणार कसं? माळकरी गृहस्थांनी ते नारळपाणी म्हणूनच घेतलं. फारच गोड आहे म्हणाले, आणखी आणा म्हणाले. दुसऱ्यानंतर ते उठून टाळ्या वाजवत अभंग म्हणू लागले. ढोलवाल्यांनी त्याला ताल दिला, तिथली माणसं भोवती गोळा होऊन नाचली. शेंदूरजनाघाटचा सांगत होता की तो माणूस एवढा खूश त्यांनी कधी पाहिला नव्हता.

हे दोघं तिथेच थांबले असते तर ते गृहस्थ झोपले असते, सकाळी डोकं दुखलं असतं आणि गोष्ट संपली असती. पण ज्याची गंमत करायची त्याला ती कळल्याशिवाय गंमत पुरी होत नाही. तिसरं शहाळं संपल्यावर भाऊंनी सांगून टाकलं.

"भाऊ म्हणे, माळकऱ्या, तीन नारळ रम पेला तू," तो म्हणाला. "आमी हासलो. तो बी हासला जी. त्याले वाटलं, थट्टा हाय. मंग त्यानं शहाळं नाकाशी नेलं. मंग खाली बसला. माळ काढली, रुमालात बांधली, मले देली. म्हणे, हे धर, आंघोळ करून येतो."

या दोघांना वाटलं, खोलीत जाऊन आंघोळ करेल. गृहस्थ गेले समुद्राकडे. काठावर लाल झेंडा लावलेला होता, म्हणजे पाण्यात उतरू नये, आणि रखवालदार दुसऱ्या टोकाला होता. हे दोघं पुढे आणखी बराच वेळ नाचले. झोपायला जाताना कोणी कोणाला मोजलं नाही. सकाळी समुद्राने त्यांना परत आणून दिलं, तेव्हा माळ यांच्या खिशात होती. घाबरून त्यांनी उशीची गोष्ट रचली. माळ आधी काढली असं सांगितलं की दारूही त्यानेच घेतली असं आपोआप ठरतं. एका माळेची जागा बदलली आणि सव्वीस वर्षांचा संसार खोटा पडला.

अमरावतीच्या भाऊंना समोर बसवलं तेव्हा त्यांनी आधी सगळं नाकारलं. मग दुसऱ्याचा जबाब वाचून दाखवल्यावर कबूल केलं. तरी म्हणाले, "गंमत केली साहेब. आपल्यातला माणूस म्हणून केली. परक्याची केली असती का?"

माझा पारा चढला. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता लक्षात आलं की रायटर हवालदारांचं पेन थांबलंय. ते लिहीत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. भाऊंना बाहेर बसवल्यावर मी विचारलं, काय झालं? ते हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, आधीच्या ठाण्यात होळीले तुमी मले पेढा देला होता."

मला आठवलं. भांगेचा पेढा होता. हा माणूस पान-सुपारीला शिवत नसे, म्हणून मी मुद्दाम दिला होता. तो दुपारभर ठाण्याच्या व्हरांड्यात हसत बसला होता आणि ती गोष्ट मी पुढे किती पार्ट्यांत रंगवून सांगितली त्याला गणती नाही. हवालदार म्हणाले की त्यांच्या घरी पूजा त्यांच्याच हातची असते, तीन दिवस त्यांनी देवाला हात लावला नाही आणि बायकोला 'मला ताप आलाय' असं सांगितलं. एवढं सांगून त्यांनी पेन उचललं आणि पुढची ओळ कुठून लिहायची ते विचारलं.

मी त्यांची माफी मागितली. अधिकाऱ्याने हवालदाराची माफी मागायची रीत खात्यात नाही, त्यामुळे दोघंही अवघडलो. त्यांनी बाहेरून चहा मागवला आणि मी तो मुकाट्याने प्यालो. भाऊंचा पुढचा जबाब मी आवाज न चढवता घेतला. चढवायचा अधिकार मला उरला नव्हता.

पुढचं कायद्याचं लवकर सांगतो, कारण ते लवकर झालं नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणं, पुरावा दडवणं, अशा कलमांखाली अहवाल गेला. शंका घेऊन परत आला, पुन्हा गेला. फोन जप्त झाले, फोटोची तपासणी झाली, परदेशी कागदांची भाषांतरं जोडली. मी निवृत्त झालो तेव्हा मंजुरीचा कागद कुठल्यातरी टेबलावर होता. पण बाईंचा प्रश्न कोर्टाच्या तारखेची वाट पाहणारा नव्हता. तो आधी मिटवायला हवा होता.

मी त्यांच्या घरी गेलो आणि जसं घडलं तसं सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की माळ आधी काढली की नंतर. नंतर, मी म्हणालो. दारू पोटात गेली हे कळल्यावर. आंघोळ करून पुन्हा घालायची म्हणून. माळ रुमालात बांधून, धर म्हणून देणारा माणूस परत येणार असतो, हेही मी सांगितलं, कारण समुद्रात ते मरायला गेले असा संशय त्यांच्या मनात राहायला नको होता. मग मी म्हणालो की ते दोघं येऊन पाया पडायला तयार आहेत, अकोल्याचे भाई त्यांना घेऊन येतील. बाई म्हणाल्या, "मले एकटीले नका सांगू साहेब. मंडळीत सांगा."

एकादशीला भजनी मंडळाची बैठक होती. मी साध्या कपड्यांत मागे दाराशी उभा राहिलो, रायटर हवालदार माझ्या शेजारी. तिकडे पुढे अमरावतीचे भाऊ आणि शेंदूरजनाघाटचा उभे राहिले. भाऊंचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, पुढच्या रांगेलाही ऐकू येईना. बुवा म्हणाले, मोठ्यानं बोल. त्यांना सगळं पहिल्यापासून पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, तिसऱ्या शहाळ्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे. मला वाटतं, कुठल्याही कोर्टात त्यांना इतकं जड गेलं नसतं. अकोल्याचे भाई उंबऱ्याबाहेर उभे होते. बुवांनी त्यांना हाताला धरून आत आणून बसवलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, हे मी पुतणीला फोनवर आडून आडून सांगत होतो. परक्या देशात, रात्रीच्या गर्दीत, आपण परक्या माणसांवर नजर ठेवतो. पाकीट सांभाळतो, पासपोर्ट तिजोरीत ठेवतो, अनोळखी माणसाने दिलेलं पीत नाही. ते सगळं बरोबरच आहे, करावं. मी तिला म्हणालो, आपला ग्लास आपणच आणायचा आणि आपल्याच हातात ठेवायचा. नारळपाणी असलं तरी. लाल झेंडा दिसला की रात्री पाण्याकडे पाठ. जितके गेलो तितके परत आलो का, ते झोपण्याआधी मोजायचं. पण नोकरीत तीस वर्षं घालवून मला जे उशिरा कळलं, ते आणखी निराळं आहे. आपल्याकडे आग्रहाला प्रेम समजतात. नाही म्हणणाऱ्याचं नाही आपण खरं धरत नाही, तो लाजतोय असं समजतो आणि त्याच्या नकळत त्याचं हो करून टाकतो. त्या टेबलावर एकही चोर नव्हता, एकही गुंड नव्हता. सगळे त्याचे सोबती होते आणि त्याला सुखी करायला निघाले होते. माझ्या हातून त्या होळीला तेच झालं. माझं नशीब, माझ्या ठाण्याजवळ समुद्र नव्हता.

तर त्या एकादशीला सगळं सांगून झाल्यावर बुवा उठले. बाईंच्या डब्यातली माळ त्यांनी स्वतः काढली, पाण्याने धुतली आणि फोटोला घातली. मृदंग कोणाच्या हाती द्यायचा यावर थोडी कुजबुज झाली, मग मृदंगाविनाच भजन सुरू झालं. बाई फोटोशेजारी बसून होत्या. मी निघालो तेव्हा त्या मागोमाग दारापर्यंत आल्या. मला वाटलं, आभार वगैरे मानतील, आणि मी ते टाळायच्या तयारीत होतो.

त्यांनी विचारलं, "साहेब, तिथलं पाणी लय थंड असंन का हो?"

परदेशातून आलेल्या कागदांत ते होतं. मृतदेह सापडला तिथल्या पाण्याची नोंद त्या लोकांनी केली होती आणि भाषांतर वाचताना मला ती उगाचच वाटली होती. मी म्हणालो, "नाही ताई. तिथला समुद्र रात्रीही कोमट असतो. कागदात तसं लिहिलंय."

त्या पदर सावरून म्हणाल्या, "बरं झालं," आणि भजनाला आत गेल्या.